एका ऑक्सिजनची उणीव

कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले, की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकच मिळाला, तर कार्बन मोनॉक्साइड. त्याहूनही ऑक्सिजनची चणचण असलेले एक संयुग आहे: कार्बन सबऑक्साइड. त्यात कार्बनच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे दोनच अणू असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो डील्स यांनी ते १९०६ मध्ये तयार केले. त्याची गाठ प्रयोगशाळेबाहेर सहसा पडत नाही. मोनॉक्साइड मात्र आपल्या घरात तयार होऊ शकतो.

छत्रपती संभाजीनगरात थंडी वाढली, की पहाटे खिडक्या बंद राहतात आणि बाथरूममधला गॅस गीझर सुरू होतो. त्याची ज्योत तिथल्याच हवेवर जळते. लागोपाठ तीन-चार जणांच्या अंघोळी झाल्या, की लहानशा बंद बाथरूममधला ऑक्सिजन घटतो, गॅस अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड साचू लागतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही हेच करते.

सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा हिशेब इथे चुकतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते; पित्त झाले असे वाटते. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असा त्रास झाला, तर संशय घ्यावा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला हा फरक कळत नाही आणि आकडा चांगला दिसू शकतो.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडा, गीझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. घाटीत न्या किंवा जवळच्या रुग्णालयात, गीझर किंवा शेगडी सुरू होती हे डॉक्टरांना आधी सांगा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण १ ते दीड तास.

त्याहून सोपा उपाय आधीचा. गॅस गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवा, आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच अंघोळीला बसा.