जवसाच्या तेलातली फुले

तैलचित्र म्हटले की दरबार हॉलमधले महाराज आठवतात, नाहीतर शाळेच्या भिंतीवरचे हार घातलेले पुढारी. त्या शब्दातल्या तेलाचा विचार कोणी करीत नाही. ते तेल बहुतेक वेळा जवसाचे असते. आपण विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच जवस. हिवाळ्यात सकाळी जवसाच्या वावरावरून जा, पाच पाकळ्यांची चिमुकली निळी फुले शेतभर डुलताना दिसतील. दुपारी परत या, पाकळ्या खाली गळालेल्या असतील. युरोपातल्या चित्रकारांनी पाचसहाशे वर्षे जे गुलाब आणि लिली रंगवले, ते बहुतांशी या अर्ध्या दिवसाच्या फुलाच्या बियांतून निघालेल्या तेलात.

जवसच का? जलरंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते. तेलाचे तसे नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि हळूहळू घट्ट होत त्याचा पारदर्शक, चिवट पापुद्रा तयार होतो. रंगाची भुकटी त्यात कायमची अडकून राहते. शेंगदाण्याच्या तेलात रंग घोटला तर चित्र वर्षभरानेही बोटाला चिकटेल. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल चोळतात तेही याच गुणासाठी. तेल असे घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात कधी टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तर ही गोष्ट विसरूच नये.

आता अडचण पाहा. रंग वरवर कोरडा व्हायला काही दिवस लागतात आणि आतून पुरता वाळायला सहा महिने, कधी वर्ष. समोरचे फूल मात्र संध्याकाळीच मान टाकते. मग इतका संथ रंग फुलांसाठी घ्यायचाच कशाला? त्याचे कारण पाकळीत आहे. पाकळी नुसती रंगीत नसते, तिच्यातून उजेड आरपार जातो. तेलाचा पातळ थर वाळलेल्या थरावर दिला की उजेड त्यातून आत शिरतो आणि खालच्या रंगावरून परतून येतो. शिवाय रंग ओला राहतो म्हणून पाकळीची कड बोटभर पुढे-मागे विरवत नेता येते. जलरंगात ही सवड नाही.

मी कविता लिहिणारा माणूस, रंग हा माझा फावल्या वेळचा नाद. पण पुष्कळ वर्षांच्या सवयीने एवढे सांगू शकतो, की पहिल्या बैठकीत फूल काढायचेच नाही. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात त्याची ठेवण आणि उजेडाची दिशा तेवढी पकडायची. ते फूल कोमेजले की त्याच झाडाचे दुसरे आणायचे. खालच्या थरांत तेल कमी, वरच्या थरांत जास्त, हा नियम मोडला तर खालचा थर सावकाश वाळत हलत राहतो आणि वरचा बाभळीच्या सालीसारखा तडकतो.

फुलांपाशी जाऊन तेलात रंगवणे सोपे झाले ते १८४१ नंतर. त्या वर्षी जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायची धातूची नळी काढली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवीत. (ही माहिती मी घरी सांगितलेली नाही. कुंचलेही मी नायलॉनचेच वापरतो.) आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या नळ्या पुढे गावोगावच्या दुकानांत पोचल्या.

नळ्यांच्या या सोयीनंतरच्या काळातले एक गाजलेले फूल म्हणजे आयरिस. मे १८८९ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि तिथल्या बागेत त्याने आयरिसचा ताटवा रंगवला. दाट निळ्या फुलांत एकच पांढरे फूल आहे. हे चित्र आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. पण आपण जो निळा पाहून थक्क होतो, तो व्हिन्सेंटने लावलेला नव्हे. ती फुले जांभळी होती. निळ्यात मिसळलेला तांबडा रंग उजेडाने उडून गेला आणि मागे निळा उरला, असे तिथल्या संशोधकांनी तपासून दाखवले आहे. तेल टिकले, कापड टिकले, फुलाचा रंगच गेला.

आयरिसला उर्दूत सौसन म्हणतात. फारसी-उर्दू शायरीत हे फूल अनेक जिभा असूनही गप्प राहणारे म्हणून येते. त्याच्या खाली झुकलेल्या पाकळ्या पाहिल्या की उपमा कुठून आली ते कळते. काश्मिरात ते कबरींवर लावतात. १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मिरात होता. उस्ताद मन्सूरने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढल्याची नोंद त्याने स्वतःच्या आठवणींत केली आहे. ती तैलचित्रे नव्हती, कागदावरची होती. यवतमाळच्या काळ्या मातीत सौसन कुठून येणार? पुस्तकातला आयरिस पाहून आयरिस काढणे मला कधी रुचले नाही.

व्हिन्सेंटचा जो तांबडा उडाला, त्या जातीच्या रंगांना इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या लाखेवरून तिकडे गेला आहे. लाखेचा किडा पोसला जातो तो पळसावर. पळस आमच्या जिल्ह्यात शिवाराशिवारांत आहे. फाल्गुनात त्याला पान नसते आणि झाड पेटल्यासारखे दिसते. हा जाळ केशरी रंगाने साधत नाही. फूल ज्या देठाकडच्या वाटीतून निघते ती वाटी काळपट, मखमली असते. ती आधी नीट रंगवली की शेजारी साधा केशरी रंगही भडकतो. पाकळीच्या सावलीत मात्र काळा घालू नये, केशरी मळकट होतो. तिथे तपकिरी-तांबडा चालतो. नळीवर रंगाच्या टिकाऊपणाची खूण छापलेली असते, ती वाचूनच तांबडा विकत घ्यावा.

पण आमच्या जिल्ह्याचे खरे फूल पळसाचे नाही, कापसाचे आहे. कॅनव्हास पुष्कळदा कापसाचाच असतो आणि त्यावर कापसाचे फूल क्वचितच कोणी काढते. जास्वंदीच्या आणि भेंडीच्या कुळातले ते फूल. आता सगळीकडे असलेल्या संकरित कपाशीचे फूल सकाळी सायीसारखे पांढरट उमलते, संध्याकाळकडे गुलाबी झाक धरते, दुसऱ्या दिवशी गुलाबी-लाल होते आणि मग मिटून गळते. एकाच झाडावर कालचे आणि आजचे फूल शेजारी असते. चित्रकाराला याहून काय हवे?

त्याच झाडावर कधी कधी एक कळी दिसते, न उमललेल्या गुलाबासारखी, पाकळ्या एकमेकींत गुरफटलेल्या. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी बोंडअळी असते. तिने पाकळ्या धाग्याने शिवून टाकलेल्या असतात. ही अळी पुढे बोंडात शिरते आणि सरकी खाते. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे अळी तिला दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये विदर्भात हाहाकार उडाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोमकळी दिसायला झाडावरच्या सगळ्या फुलांपेक्षा देखणी असते, हे मी रंगवणारा म्हणून सांगतो आहे.

माझ्या एका चित्रात कपाशीची तीन फुले आहेत, पांढरट, गुलाबी आणि लाल. चौथी डोमकळी आहे. एका शेतकरी मित्राने ते चित्र पाहिले. पहिल्या तिन्हींकडे त्याचे लक्षही गेले नाही.

“भाई, हे कोनाच्या वावरातलं होय?”

मी शेजारच्या गावातल्या एकाचे नाव सांगितले.

“त्याले सांगतलं का?”

सांगितले होते. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघे ओळीओळीने डोमकळ्याच तोडीत होतो. एक तेवढी मी झाकणाच्या बाटलीत घालून घरी आणली, रंगवली आणि अळीसकट जाळून टाकली.