मॉल नको, ड्रीमलँड हवं!

इंग्लंडमधल्या मार्गेट या किनाऱ्यावरच्या गावात २००३ मध्ये बातमी पसरली : ‘ड्रीमलँड’ हे जुनं मनोरंजन उद्यान बंद करून तिथं दुकानं उभी राहणार. गावकऱ्यांनी बचाव मोहीम सुरू केली.

त्यांच्या हाती एक हुकमी पत्ता होता. उद्यानातली १९२० सालची ‘सीनिक रेल्वे’ ही लाकडी रोलरकोस्टर २००२ मध्येच संरक्षित वारसा ठरली होती. ती सहजासहजी पाडता येणार नव्हती.

२००८ च्या आगीत तिचा काही भाग जळाला, तरी मोहीम थांबली नाही. अखेर नगर परिषदेनं सक्तीच्या संपादनानं जागा घेतली आणि जून २०१५ मध्ये उद्यान पुन्हा उघडलं.

पैशांचं गणित मात्र अवघडच राहिलं. वर्षभरातच उद्यान चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.