कोसळलेल्या कर्नेलचा पंचनामा
अनेक प्रोसेसर जेथे एकाच स्मृतीचे भागीदार असतात, तेथे एकावर कर्नेल, म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा, कोसळूनही इतरांनी आपला कारभार बिनदिक्कत चालविला, तर स्मृतीतील पुराव्याची नासधूस अटळ. म्हणून कोसळणारा प्रोसेसर इतरांना, ज्याची अवज्ञा करता येत नाही असा, व्यत्यय-संदेश धाडून जागीच थांबवितो. लिनक्समध्ये २००५ च्या २.६.१३ आवृत्तीपासून ‘केडम्प’ ही तजवीज आहे : आगाऊ राखून ठेवलेल्या स्मृतीत दुसरा कर्नेल, बहुधा एकाच प्रोसेसरवर, उठतो आणि मृताची स्मृती डिस्कवर उतरवितो. रोगट कर्नेलकडूनच त्याचा पंचनामा लिहवून घेण्यापेक्षा हे निःसंशय शहाणपणाचे. मात्र राखीव स्मृती अपुरी पडल्यास दुसराही गतप्राण होतो.