सलाम ऐकू येतो, जवाब पोहोचत नाही

चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या आपल्या घरांचे अर्धे बोलणे कुवेत आणि जिद्दाशी होते. गावात फायबर आले, त्यासोबत लँडलाइनही आली, आणि ज्यांना स्मार्टफोन जमत नाही अशा वडीलधाऱ्यांना पुन्हा हातात धरता येईल असा रिसीव्हर मिळाला. पण बोलता बोलता आवाज गायब होतो. आईला वाटते मुलगा काहीतरी लपवतोय, म्हणून गप्प झाला. मुलाला वाटते अम्मीला आता ऐकू येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात तर आजींना कानाच्या डॉक्टरकडे नेले. कान ठणठणीत होते.

हा आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. पिक्चर पाहताना उशिरा आलेल्या तुकड्यासाठी थांबता येते, संभाषणात थांबता येत नाही. उशिरा आलेला तुकडा फेकूनच दिला जातो आणि शब्द अर्धवट ऐकू येतो. एका कॉलला एका बाजूने सेकंदाला १०० किलोबिटही लागत नाहीत. म्हणून 'मोठा प्लॅन घ्या' हा सल्ला आम्हाला बहुतेक वेळा पैसे वाया घालवणारा वाटतो. अडचण वेगाची कमी, रांगेची जास्त असते. ईदच्या दिवशी घरातले चार मोबाइल एकाच वेळी फोटो वर चढवत असतील, तर नानीचा आवाज त्यांच्या मागे रांगेत उभा राहतो. पाच मिनिटे सगळ्यांचे वाय-फाय बंद करून फोन लावून पाहा. आवाज स्वच्छ आला तर दोष घरातल्याच गर्दीचा. मग राउटरमध्ये फोनला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. फोन वाय-फायवर असेल तर तो राउटरजवळ आणावा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये अडथळा आणतो.

एकाच बाजूचा आवाज जाणे हा वेगळा आजार. घंटी वाजवण्याचा निरोप आणि प्रत्यक्ष आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात, त्यामुळे फोन लागतो, सलाम ऐकू येतो, आपला जवाब मात्र पोहोचत नाही. फोन अॅपवर किंवा वेगळ्या डबीवर चालत असेल तर आधी राउटर मोजा. कंपनीचा एक आणि मुंबईहून कोणी आणलेला दुसरा, असे दोन असतील तर दोघेही पत्ते बदलत बसतात आणि आवाज वाट चुकतो. दुसऱ्याला 'अॅक्सेस पॉइंट' करावे. सेटिंगमध्ये 'एसआयपी एएलजी' दिसले तर ते बंद करून पाहावे. मदतीसाठी दिलेली ही सोय बऱ्याचदा घोळच घालते.

कॉल दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल तर घड्याळ लावून खात्री करा. फोन उचलल्याची पावती पलीकडून परत आली नाही की यंत्रणा तेवढाच वेळ वाट पाहून कॉल सोडून देते. फोनचा सेट थेट कंपनीच्याच डब्याला जोडलेला असेल तर यात आपल्या हातात फारसे नसते, तक्रार करावी. पण 'फोन चालत नाही' एवढेच सांगितले तर 'डबा बंद करून चालू करा' एवढेच उत्तर मिळेल. कोणत्या बाजूचा आवाज गेला, किती वाजता, किती सेकंदांनी, हे कागदावर टिपून सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या.

एक गोष्ट मात्र घरोघरी विसरली जाते. तांब्याच्या तारेच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची. घरातले दिवे गेले तरी तो वाजायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. कोकणात जूनच्या वाऱ्यात रात्री लाइट गेली की फोनही गेला, आणि घरात दम्याचे किंवा हृदयविकाराचे म्हातारे माणूस एकटे असेल तर हे साधे नाही. राउटरचा छोटा यूपीएस पावसाआधी बसवून घ्या, त्याचा व्होल्टेज डब्यावर लिहिलेल्याशी जुळतो का ते पाहून. आणि बटणांचा साधा मोबाइल, चार्ज केलेला, उशाशी असू द्या.