भविष्य निर्वाह निधीवरील प्राप्तिकर

भविष्य निर्वाह निधीवरील प्राप्तिकर : नोकरदाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी, सेवायोजकाने तीत घातलेली भर व दोहोंवरील व्याज मिळून साठलेली रक्कम काढून घेताना होणारी प्राप्तिकराची आकारणी. ही आकारणी मुख्यतः रकमेच्या आकारावर नव्हे, तर सभासदाच्या सेवेच्या सलगतेवर अवलंबून असते.

भारतात उद्योगधंद्यांतील कामगारांसाठी सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ च्या अधिनियमान्वये सुरू झाली. वर्गणीचा सर्वसाधारण दर मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के असून सेवायोजकही तितकीच रक्कम देतो; तथापि त्याच्या वर्गणीचा एक भाग १९९५ पासून निवृत्तिवेतन योजनेकडे वळविला जातो. प्राप्तिकराच्या दृष्टीने हा निधी ‘मान्यताप्राप्त’ गणला जातो.

सभासदाने किमान पाच वर्षे सलग सेवा केली असल्यास सेवा सोडताना मिळणारी संचित रक्कम करमुक्त असते. सेवा त्याहून कमी असली, तरी प्रकृती-अस्वास्थ्य, सेवायोजकाचा धंदा आखडणे वा बंद पडणे किंवा सभासदाच्या आवाक्याबाहेरील अन्य कारणाने ती संपुष्टात आली असेल, तर सूट कायम राहते. नोकरी बदलताना जुन्या खात्यातील शिल्लक नव्या सेवायोजकाकडील मान्यताप्राप्त निधीत वर्ग केल्यास आधीची सेवाही हिशेबात धरतात. उदा., एका कारखान्यात तीन वर्षे व लगेच दुसऱ्यात अडीच वर्षे काम केलेल्या कामगाराने पहिली शिल्लक वर्ग केली असल्यास त्याची सेवा साडेपाच वर्षांची ठरते. तीच शिल्लक मध्येच काढून घेतल्यास पहिली रक्कम करपात्र होते आणि दुसऱ्या खात्याची पाच वर्षे नव्याने मोजावी लागतात.

सूट न मिळाल्यास निधी आरंभापासून मान्यताप्राप्त नव्हताच, असे मानून कराची गणना करतात. सेवायोजकाची वर्गणी व तिच्यावरील व्याज वेतन म्हणून, तर सभासदाच्या वर्गणीवरील व्याज इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. सभासदाची स्वतःची वर्गणी करपात्र वेतनातूनच भरलेली असल्याने तिच्यावर पुन्हा कर बसत नाही. मात्र तिच्यापोटी पूर्वी वजावट घेतली असल्यास तो लाभ काढून घेतला जातो.

अशा करपात्र प्रदानातून उगमस्थानीच करकपात करण्याची तरतूद १ जून २०१५ पासून अंमलात आली. प्रदान ५०,००० रुपये वा अधिक असल्यास कपातीचा दर १० टक्के असतो. स्थायी लेखा क्रमांक न दिल्यास तो वाढतो. ही कपात म्हणजे अंतिम कर नव्हे. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे, त्यास विहित घोषणापत्र देऊन ती टाळता येते किंवा विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. अल्पवेतनी कामगाराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

१ एप्रिल २०२१ पासून सभासदाच्या वार्षिक २.५ लाख रुपयांहून अधिक असलेल्या वर्गणीवरील व्याज करपात्र झाले. जेथे सेवायोजक वर्गणी देत नाही, तेथे ही मर्यादा ५ लाख रुपये आहे. हा कर वर्षाच्या वर्षी आकारला जात असल्याने त्याला पाच वर्षांच्या सेवेची अट लागू नाही.

वृद्धापकाळासाठी साठविलेले धन अकाली खर्ची पडू नये, हा या तरतुदींमागील हेतू होय. म्हणूनच नोकरी बदलणाऱ्या सभासदाच्या बाबतीत शिल्लक काढून घेण्याऐवजी ती वर्ग करणे, हाच करसवलत अबाधित राखण्याचा मार्ग ठरतो.