खाण, खंदक आणि आखु

तिरोडीच्या खाणीतला मँगनीजचा दगड एकदा तरी हातात घेऊन बघावा. मुठीएवढाच तुकडा, पण हात खाली ओढतो. ठेवून दिला तरी बोटांवर काळं उरतं. ही खाण बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीच्या शेजारचीच. बालाघाटपासून भंडारा-नागपूरपर्यंतच्या या पट्ट्यातल्या एका मँगनीजी खडकाला लुईस फर्मर या भूशास्त्रज्ञानं गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. तिरोडीचंही नाव एका खनिजाला मिळालं, तिरोडाइट.

मला मात्र दगडाइतकीच ओढ ‘खाण’ या शब्दाची आहे. त्याचं मूळ संस्कृतातला ‘खन्’ धातू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अगस्त्य ऋषी ‘खनित्रां’नी खणताना दिसतात, आपल्या टिकास-सब्बलीची ती पूर्वज अवजारं. इराणी भाषांत हाच धातू ‘कन्’ झाला. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणं. त्यावरून खणलेला चर तो ‘कंदक’. अरबांनी तो उचलला आणि त्याचा ‘खंदक’ केला. इ.स. 627 मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणला गेला तो सलमान फारसी यांच्या सल्ल्यानं, असं परंपरा सांगते. पुढे फारसीच्या वाटेनं हा शब्द मराठीत आला आणि किल्ल्याला वेढून बसला. खाण आणि खंदक ही हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली भावंडं आज मराठीत एका घरी नांदतात. मला याचं अजूनही नवल वाटतं.

इंग्रजीत खणण्याचा जुना शब्द ‘डेल्व्ह’. आपल्या ‘खन्’शी त्याचं नातं नाही, त्याचे सोयरे डच भाषेत भेटतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराला नाव मिळालं ते खणलेल्या कालव्यावरून. पुढे ‘डिग’ रुळला, कुदळीचं काम त्याच्याकडे गेलं, आणि ‘डेल्व्ह’ 17 व्या शतकापासून ग्रंथांत, अभ्यासात खोल शिरू लागला. आपल्या शब्दांनी मात्र माती सोडली नाही. सकाळी बांधीचा धुरा खोदणारा माणूस संध्याकाळी पाहुण्याला त्याचं गाव-गोत खोदून खोदून विचारतो.

संस्कृतात उंदराला ‘आखु’ म्हणतात. तोही ‘खन्’मधलाच, म्हणजे खणणारा. हे नाव ठेवणाऱ्यानं बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग पाहिला असणार. धानाच्या बांधीत तसा ढीग आजही दिसतो, धुऱ्याला लागून, ओलसर.