सप्रू हाउस: स्वतंत्र अभ्यासाची किंमत

२४ मार्च १९४७ रोजी लॉर्ड माउंटबॅटन यांनी दिल्लीत व्हाइसरॉयपदाची शपथ घेतली. त्याच्या आदल्याच दिवशी त्याच शहरातल्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद सुरू झाली होती. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू होत्या. देश अजून पारतंत्र्यात होता, तरीही आशियाभरचे प्रतिनिधी इथे जमले. कल्पना नेहरूंची होती, पण परिषद सरकारने भरवलेली नव्हती. यजमान होती चार वर्षेही पूर्ण न झालेली एक खासगी अभ्याससंस्था, इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स.

या संस्थेचा जन्म असमाधानातून झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस तहपरिषदेत परराष्ट्रव्यवहाराच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विचार पुढे आला आणि १९२० साली लंडनमध्ये जी संस्था उभी राहिली, ती पुढे चॅटम हाउस म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्याशी संलग्न अशी एक संस्था १९३६ पासून भारतातही होती, पण तिच्यावर सरकारी वर्तुळाची छाया होती. जगाने हिंदुस्थानचे म्हणणे हिंदुस्थानी माणसाच्या तोंडून ऐकावे, असे वाटणाऱ्या मंडळींनी म्हणून १९४३ मध्ये वेगळी चूल मांडली. सर तेजबहादूर सप्रू पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या जोडीला पंडित हृदयनाथ कुंझरू होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे कुंझरू दीर्घकाळ अध्यक्ष होते. आधी अभ्यास, मग मत, हा गोखल्यांचा आग्रह त्यांनी परराष्ट्रव्यवहारात नेला, असे मला वाटते. रोजचा गाडा ओढला तो सचिव ए. अप्पादुराई यांनी. १९४५ मध्ये ‘इंडिया क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक सुरू झाले. ते आजही निघते.

१९४७ च्या त्या आशियाई संबंध परिषदेने कोणत्याही देशाचे अंतर्गत राजकारण चर्चेला घ्यायचे नाही, असे ठरवले होते. वंशभेद, स्थलांतर, शेती, मजूर, स्त्रियांचे स्थान असे विषय गटागटांत चर्चिले गेले. राजकारण मात्र दाराबाहेर थांबले नाही. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला. तिबेटचे शिष्टमंडळ आपल्या ध्वजासह आले. सभागृहातल्या नकाशात तिबेट वेगळा दाखवला होता, त्यावर राष्ट्रवादी चीनच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली आणि नकाशा बदलावा लागला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भारताला छळणारा प्रश्न असा त्या सभागृहातच उभा राहिला होता. शेवटच्या दिवसांत गांधीजीही येऊन बोलले. परिषदेतून निघालेली कायमस्वरूपी संघटना काही वर्षांतच विरून गेली; पण सार्वभौम होण्याआधीच भारताने आशियाला एकत्र बसवले होते, आणि हे श्रेय या संस्थेचे आहे.

१९५५ मध्ये बाराखंबा रोडवर सप्रू हाउस ही संस्थेची वास्तू उभी राहिली. त्याच वर्षी संस्थेच्या पुढाकाराने इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघाले. एकेका प्रदेशाचा सखोल अभ्यास करणारे विद्वान तिथे घडू लागले. १९७० मध्ये हे स्कूल जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. माझ्या मते संस्थेची उतरण इथूनच सुरू झाली. ग्रंथालय होते, कात्रणांचा संग्रह होता, पण त्यांवर जगणारे तरुण अभ्यासक निघून गेले. पुढे पुढे दिल्लीकरांना सप्रू हाउस आठवे ते तिथल्या रंगमंचावरच्या पंजाबी विनोदी नाटकांसाठी.

अखेर सरकार मध्ये पडले. २००१ च्या कायद्याने ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि पैसा परराष्ट्र मंत्रालयाकडून येतो. वास्तू वाचली, ग्रंथालय वाचले, याचा आनंदच आहे. पण सरकारी छायेतून बाहेर पडण्यासाठी जन्मलेली संस्था पुन्हा त्याच छायेत आली, हेही तितकेच खरे.

याला सरकारइतकाच समाजही जबाबदार आहे. मुंबईत २००९ मध्ये ‘गेटवे हाउस’ ही परराष्ट्रव्यवहाराची खासगी अभ्याससंस्था सुरू झाली, हे चांगलेच झाले. तरी अशी उदाहरणे थोडीच. शाळा, मंदिरे, रुग्णालये यांना सढळ हाताने देणाऱ्या मराठी दात्यांनी आता शेजारी देशांच्या भाषा शिकणाऱ्या, तिथे जाऊन राहणाऱ्या अभ्यासकांच्या शिष्यवृत्त्यांसाठीही हात मोकळा सोडावा.